उताणे, पालथे

“परत हसला?” वृंदानं विचारलं.

“तिसऱ्यांदा,” लिम आंटी म्हणाल्या.

पेनांगमधलं ते जुनं चिनी देऊळ. देवापुढे गुडघे टेकायचे, मनातलं विचारायचं आणि चंद्रकोरीसारखे, एका बाजूनं सपाट असे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. दोन्ही पालथे, तर नकार. दोन्ही उताणे पडले की समजायचं, देव हसतोय; उत्तर नाही, परत विचारायचं.

सहा वर्षं वृंदा या देवळावरून ऑफिसला जात होती. आत मात्र आजच आली होती.

“मी देव-बिव मानत नाही हं, आंटी.”

“त्याचं काही म्हणणं नाही.” आंटी उदबत्त्यांची राख झाडत राहिल्या. तीस वर्षं देऊळ त्याच सांभाळत होत्या.

वृंदानं तुकडे उचलले. गुडघे टेकले. टाकले.

नकार.

“नीट पडले नाहीत. परत टाकते.”

“टाक.”

या खेपेला एक तुकडा घरंगळत देवाच्या टेबलाखाली गेला. चव्वेचाळीस वर्षांची बाई, ऑफिसच्या कपड्यांत, रांगत आत शिरली. बाहेर आली तेव्हा कपाळाला राख फासलेली.

“झाले मी बैरागीण,” ती म्हणाली.

आंटी हसल्या नाहीत.

“विचारतेस काय एवढं?”

“कराडला जाऊ का, म्हणून. वडील दवाखान्यात आहेत. सकाळी भावाचा फोन आला... दोन दिवस काढतील म्हणे.”

“मग?”

“अकरा वर्षं बोलले नाहीत माझ्याशी. मनासारखं लग्न केलं म्हणून घरातून घालवलं. आताही बोलावलंय भावानं, त्यांनी नाही.” तिचा आवाज चढला. “दर वेळी मीच का वाकायचं?”

आंटींनी मान हलवली. बरोबर आहे, अशी.

वृंदा पुन्हा देवाकडे वळली. गुडघे टेकले. टाकले. होकार आला.

“एकदाच आलाय. याला काय अर्थ आहे?”

पुन्हा गुडघे. पुन्हा जमिनीवरून उचलणं. घाम डोळ्यांत उतरला. घामच होता का तो...

देव हसला.

तिनं तुकड्यांकडे हात नेला, तोच आंटी खाली बसल्या. दोन्ही तुकडे त्यांनी उचलून आपल्या खिशात टाकले.

“किती झाले?”

“सात,” वृंदा कशीबशी म्हणाली.



“सात वेळा गुडघे टेकलेस,” आंटी म्हणाल्या. “हा काय तुझा बाप आहे?”