मीटरची साक्ष

वस्तूंना वाचा होती आणि कोर्टात त्यांची साक्षही धरली जाई, त्या काळी केरबाच्या पिठाच्या गिरणीत विजेचा एक मीटर होता. दिवस कलला की केरबा खांबावरच्या तारेवर आकडा टाकून फुकटची वीज घेई. आकडा उतरवताना त्याला कुरवाळून म्हणे, "माझा राजा!" मीटरच्या वाट्याला मात्र शिव्याच येत.

"मीटरराव, मोजणाऱ्यावर कोण जीव लावतं?" आकडा चिडवी.

मीटर जळफळे. आपणही लाडकं व्हावं, म्हणून तो मुद्दाम हळू फिरू लागला.

एके सकाळी भरारी पथक आलं. आकडा केव्हाच माळ्यावर लपवलेला होता. मंद मीटर तेवढा सापडला. केरबावर वीजचोरीचा खटला उभा राहिला.

"केरबाने तुझ्यात फेरफार केला?" न्यायाधीशांनी मीटरला विचारलं.

आकड्याचं नाव मीटरच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मालकाला तुरुंगातून वाचवायचा मान आकड्याला थोडाच मिळणार होता!

"नाही साहेब, मी आपणहून मंदावलो."

केरबा सुटला. "गुणाचं रे माझं!" म्हणत त्याने मीटरवरून मायेने हात फिरवला, आणि नवा मीटर मागायला निघून गेला.