भिवरेची फरशी

हरणगडच्या मंडईमागे ही जी काळी फरशी दिसते तिच्यावर चपला काढून या. पाय जरा आपटून बघा. ऐकलेत? जमीन घुमते. खाली एकशे साठ रांजण पालथे पुरलेले आहेत. फरशी चाळीस पावले लांब, तीस पावले रुंद. वर छप्पर नाही, कडेला भिंत नाही, चढायला पायरी नाही. ओटा, बाक, खुर्ची काही नाही. इथे कुणीही यावे आणि नाचावे. लेझीमवाले येतात, वराती येतात, मंडईतले हमाल गोणी उतरवून दोन पावले टाकतात. परवानगी कुणाची लागत नाही. तरी या शहरात एक घर असे आहे की त्या घरचे माणूस या फरशीवर पाय ठेवत नाही. का, ते सांगतो. आमच्या कुंभारवाड्यात ऐकले तेच सांगतो. पदरचे घालत नाही.

फार मागे इथे रायाजीराव नावाचा जहागीरदार होता. पलीकडच्या टेकडीवर त्याने रंगमहाल बांधला. नाचणारणीचा पाय पडला की जमिनीने साथ द्यावी, अशी फरशी त्याला हवी होती. ते काम येणारी पंचक्रोशीत एकच बाई होती, भिवरा कुंभारीण. लहानमोठे रांजण भाजायचे, पालथे पुरायचे, मातीच्या नळ्यांनी एकमेकांना जोडायचे आणि शेवटच्या नळीचे तोंड बाहेर बागेत काढायचे. तेवढ्या एका तोंडातून सगळ्या फरशीला वारा मिळतो. मधली माती धुमसाने, म्हणजे जड लाकडी ठोकळ्याने, ठोकून घट्ट करायची आणि वर दगड बसवायचा. भिवरेने दोन वर्षे राबून ती फरशी केली.

कुंभार मडके देण्याआधी बोटाने वाजवून बघतो. भिवरेने फरशीही वाजवून बघितली. फरशी वाजवायची म्हणजे तिच्यावर नाचायचे. भर दुपारी तिच्या भावाने, सटवाजीने, डफ धरला. कुंभार, पाथरवट, पाणी वाहणाऱ्या बाया, सगळे नाचू लागले. भिवरा कान देऊन फिरत होती.

एक पाथरवट म्हणाला, "आक्का, या कोपऱ्यात बद्द बोलतंय."

"दगड बरा आहे. तुझाच पाय बद्द आहे, मेल्या. नीट टाक."

तेवढ्यात रायाजीराव शिकारीवरून परतला. दारात उभा राहिला. डफ थांबला.

"माझ्या फरशीवर पहिला पाय कुणाचा पडला?"

"माझा, सरकार," भिवरा म्हणाली. "न वाजवता मडकं दिलं असतं तर तुम्हीच माझ्या डोक्यात फोडलं असतं."

कुणीतरी हसले. ते हसणे नडले. रायाजीरावाने तिचा उजवा पाय दगडावर धरायला लावला आणि तिच्याच कामाच्या धुमसाने घोटा फोडला. घाव एकच होता. भिवरा ओरडली नाही असे सांगतात. मला ते खरे वाटत नाही. ओरडली असेल. पण रडत घरी आली नाही, हे खरे.

खाटेवर टेकल्यावर ती सटवाजीला म्हणाली, "मी आता मरत नाही. तो माझ्या फरशीवर, माझ्यासमोर, अनवाणी नाचेल. मग मरेन."

पुढच्या पंचमीला रंगमहाल उघडला. लांबलांबचे सरदार आले. नावाजलेली नाचणारीण उभी राहिली, पहिला पाय टाकला. आवाज नाही. दुसरा टाकला. फरशी ओल्या भिंतीसारखी गप्प. पाहुणे तोंडात पदर आणि रुमाल धरून हसले. कुणी म्हणतात भिवरेचे रक्त सांध्यात झिरपले म्हणून फरशी मुकी झाली. कुणी म्हणतात सटवाजीने जाता जाता बागेतले नळीचे तोंड चिखलाने बुजवले. मी दोन्ही ऐकले आहे. मला सटवाजी पटतो. रायाजीरावाने तीन वेळा दगड उखडले, तीन वेळा बसवले. रांजण भाजून द्यायला एकही कुंभार पुढे आला नाही.

इकडे भिवरेने मंडईमागचा उकिरडा उपसायला घेतला. गावाने नाक मुरडलेली ती जागा कुणाचीच नव्हती. फरफटत यायची, फरफटत जायची. सात वर्षे लागली. रांजण घरोघरच्यांनी दिले, धान्याचे, पाण्याचे, लोणच्याचे. फरशी तिने रस्त्याच्या पातळीला ठेवली, कारण तिला पायरी चढवत नव्हती, आणि जे तिला चढवत नाही ते आणखी कुणाला तरी चढवत नसणार. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून उत्तरेला बोटभर उतार दिला. दगड घासून गुळगुळीत केला नाही, टाकीचे घाव तसेच राखले, ओला पाय घसरू नये म्हणून.

सटवाजी म्हणाला, "अगं, एक तरी ओटा ठेव. मोठी माणसं आली तर बसतील कुठं?"

"बसायचं त्यानं घरी बसावं," ती म्हणाली.

फरशी झाली आणि पेठ नाचायला लोटली. रायाजीरावाला कळले. त्याने घोडेस्वार पाठवले, दगड उखडून टाका म्हणून. स्वार सकाळी आले, थेट फरशीवर घुसले. चोवीस टापा एकदम वाजल्या. खालून असा घुमारा उठला की घोडी मागच्या पायांवर उभी राहिली आणि स्वारांना टाकून पळाली. एक स्वार लंगडत भिवरेजवळून गेला. तिने त्याला आपली काठी देऊ केली म्हणे.

पुन्हा कुणी स्वार आला नाही. पण फरशी रोज संध्याकाळी टेकडीपर्यंत पोचू लागली. वाऱ्याने नव्हे, जमिनीतून. रायाजीरावाच्या तांब्यातले पाणी थरथरायचे. ताटातली आमटी हलायची. त्याने खिडक्या बुजवल्या, खाली गालिचे पसरले, पलंगाखाली कापसाचे गठ्ठे घातले. आवाज पायांतूनच यायचा. वैद्य थकले. मग त्याचे पाय आपसूक ठेका धरू लागले. दरबारात बसला की टाचा हलायच्या. मांडीवर हात दाबून धरायचा, तरी हलायच्या. समोरचे खाली बघायचे. असे अकरा वर्षे चालले.

एक दिवस तो उठला आणि अनवाणी टेकडी उतरला. भाजीवाल्या, कासार, हमाल वाट देत गेले. फरशीच्या कडेला भिवरा काठीवर उभी होती. केस पांढरे झाले होते.

"थांबव," तो म्हणाला.

"मी कुठं नाचते, सरकार? मला पाय कुठाय?"

"माझे पाय थांबव, बाई. हात जोडतो."

"त्यांना नाचायचं आहे. नाचू द्या. मग थांबतील."

तो फरशीवर गेला. डफ कुणी वाजवला नाही. टाळी कुणी दिली नाही. सगळी पेठ कडेला उभी राहिली. तो दुपारपासून दिवेलागणीपर्यंत नाचला. टाकीच्या घावांनी तळवे सोलले. आणि एवढा भरभक्कम माणूस, पण त्याच्या पायाखाली फरशी एकदाही वाजली नाही. पोराची उडी वाजते, म्हातारीचे पाऊल वाजते. त्याचे वाजले नाही. तो खाली वाकून दगडाला कान लावायचा, पुन्हा उठून नाचायचा. शेवटी पडला तो उठला नाही.

भिवरा म्हणाली, "पुरे." तिसऱ्या दिवशी ती गेली.

ती जाण्याआधी सटवाजीने विचारले, "आक्का, त्याच्या घरच्यांना फरशीवर बंदी घालू का?"

तिने मान हलवली. "बंदी त्याची रीत. आपली नाही. कुणाला अडवायचं नाही. त्याच्या घरचा आला तर त्यालाही येऊ दे. वाजते का नाही, ते ऐकू दे त्याला. सगळ्यांच्या देखत."

म्हणून इथे कुणाला अडवत नाहीत. आणि म्हणूनच ते घर येत नाही.

आजही त्या घरची माणसे मंडईत यायची झाली तर तेलीगल्लीने वळसा घालून येतात. दुप्पट वाट पडते. गेल्या वर्षी त्यांच्यातला वडीलधारा, माझ्याच वयाचा, इथे कडेला येऊन उभा राहिला. लेझीम चालले होते. बराच वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, "बाबा, इतक्या पिढ्या झाल्या. आता तरी पुरे करा की."

मी म्हणालो, "कुणी अडवलंय? चपला काढा. या."

त्याने एक चप्पल काढली. फरशीकडे बघितले. पुन्हा घातली आणि तेलीगल्लीकडे वळला.