बेहड्यासमोरचं लपण

"पण तो येत का नाही, महाराज?"

सुधन्वा टिपणीसने डोक्यावरची हिरवी टोपी काढून ओट्यावर आपटली. सोमगिरी महाराज रातांबे फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण?"

"धनेश! कालपासून तेच विचारतोय तुम्हाला!"

"मग त्यालाच विचार की. त्याच्या दारात तू बसतोस. मला काय ठाऊक?"

सुधन्वाने कपाळाला हात लावला. घाटाखालच्या या मठात तो दरवर्षी यायचा, महाराजांना गुरू म्हणायचा, पायावर डोकं ठेवायचा. पक्ष्यांची गोष्ट निघाली की मात्र गुरूंनाही जुमानत नसे. सह्याद्रीतलं एकही पाखरू माझ्या नजरेतून सुटलेलं नाही, असं तो स्वतःच सांगायचा. दुसऱ्या कुणाला सांगायची संधी तो देतच नसे.

एकच गोष्ट बघायची राहिली होती. मठामागच्या देवराईत, जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती. अंडी घालायच्या वेळी ही मादी स्वतःला ढोलीत कोंडून घेते आणि दार लिंपून टाकते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. मग नर रानातून फळं आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. चोचीतून चोचीत जाणारा तो घास बघायला सुधन्वा कित्येक वर्षं झुरत होता.

म्हणून त्याने बेहड्यासमोर अगदी जवळ हिरव्या कापडाचं लपण उभारलं. परवापासून तो त्यात बसून होता, आणि परवापासून नर फिरकला नव्हता.

"एक उपाय आहे," तो म्हणाला. "तुम्ही माझ्याबरोबर चला. दोघांनी लपणात शिरायचं, आणि तुम्ही एकट्याने बाहेर यायचं. पक्ष्याला मोजता येत नाही. त्याला वाटतं, माणूस गेला."

"म्हणजे फसवायचं."

"महाराज, सगळे असंच करतात!"

महाराजांनी सुस्कारा सोडला. हात धुतले, त्याच्यामागून देवराईत गेले, लपणात शिरले, बाहेर आले आणि पुन्हा रातांब्यांपाशी येऊन बसले.

दुपार टळल्यावर सुधन्वा परतला, घामाने निथळत, भुकेने कावलेला. नर समोरच्या डोंगरावरून ओरडला होता, अलीकडे आला नव्हता. ढोलीच्या फटीतून मादीची चोच तेवढी बाहेर यायची, थोडा वेळ उघडी राहायची, आत जायची. इतका कसला निर्दयी नवरा, असं मनातल्या मनात म्हणून सुधन्वाने नराला दोन शिव्या घातल्या होत्या.

फणसाच्या आठळ्यांच्या भाजीचा वास येत होता. तो तरातरा स्वयंपाकघराकडे निघाला... आणि थबकला.

दाराच्या बाजूला महाराज पाट टाकून बसले होते. डोळ्यांना दुर्बीण. सुधन्वाचीच, सकाळी तो खुंटीला टांगून गेला होता ती.

"हे काय, महाराज?"

"तू कसा जेवतोस ते बघायचंय."

"मी?"

"जा की आत. वाट मोकळी आहे."

सुधन्वाने एक पाऊल टाकलं. दुर्बीण त्याच्या तोंडावर वळली. त्याने दुसरं टाकलं. दुर्बीण त्याच्याबरोबर सरकली. त्याला आपले हातपाय कुठे ठेवावेत ते कळेना.

"असं टक लावून बसलात तर घास उतरेल का माझ्या घशाखाली?"

"तेही खरंच. थांब, लपतो."

महाराजांनी उपरणं डोक्यावरून ओढून घेतलं. दुर्बिणीची दोन नळकांडी तेवढी बाहेर राहिली.

"आता मी इथे नाही. जा, जेव."

सुधन्वाचा संयम सुटला. "अहो, दिसताय तुम्ही! लहान पोर आहे का मी? भुकेने जीव चाललाय माझा, आणि तुम्ही दारात बसून..."

बोलता बोलता तो थांबला.

उपरणं हललं नाही.

...

तो वळला आणि देवराईकडे धावत सुटला. लपणाच्या काठ्या उपटल्या, कापड गुंडाळलं. बेहड्याकडे त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. बघायची लाज वाटली.

परत आला तेव्हा महाराज ताट वाढत होते.

"वाचेल ना ती?" त्याने दारातूनच विचारलं.

"जेवायला बस."

तो बसला. भात कालवला. पहिला घास तोंडाशी नेला, तोच छपरावरून पंखांचा आवाज आला, भात्यातून हवा सुटावी तसा. सुधन्वाचा हात तसाच राहिला. तो उठायला लागला...

महाराजांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आवाज मठावरून पुढे गेला आणि देवराईत थांबला. सुधन्वा भिंतीकडे बघत बसला. भिंतीपलीकडे बेहडा होता.

घास ताटात ठेवून तो म्हणाला, "इतकी वर्षं वाट पाहिली, महाराज. आज आला... आणि दिसला नाही."

महाराजांनी त्याच्या भातावर आमटी वाढली.

"तिला दिसला."