रांजणात कोंडलेल्या गोष्टी

नदीच्या वळणावर एक नगर होतं. तिथल्या राजाला रडायची फार लाज वाटायची, बरं का.

एकदा काय झालं, भर दरबारात एका कथेकऱ्याने पाडसाला शोधत फिरणाऱ्या हरणीची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता राजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एक सरदार फिस्सकन हसला. म्हणाला, "महाराज, कधी नसलेल्या हरणीसाठी रडलात?"

राजा असा भडकला! सरदारावर नाही हो, गोष्टीवर!

मग त्याने डोंगरातला मांत्रिक बोलावला. मांत्रिकाने काळा रांजण मांडला आणि नगाऱ्यावर टोला हाणला. ढुम्म! ज्याच्या ज्याच्या कानी तो आवाज गेला, त्याच्या डोक्यातल्या सगळ्या गोष्टी धुरासारख्या निघाल्या नि रांजणात जाऊन बसल्या. पोथ्यांची पानंसुद्धा कोरी झाली. मग रांजणाचं तोंड मेणाने बंद केलं आणि तो दरबारातच सिंहासनामागे ठेवला.

एकटी जैतून वाचली. जैतून कापूस पिंजायची. धनुकलीचा टणटणाट नको म्हणून कानांत बोळे घालून बसायची. तिला तो नगारा ऐकूच आला नाही.

मग काही दिवसांनी कुंभाराच्या घराला आग लागली. जैतून घागर घेऊन धावली. बाकी लोक आपापल्या ओट्यावर बसून बघत होते.

"अहो, उठा की! तुमचं घर असतं तर?"

"पण आमचं नाहीये ना ते," शेजारी म्हणाला. तो काही दुष्ट नव्हता, बाळांनो. 'असतं तर' म्हणजे काय, हेच त्याला कळेना. घर जळून गेलं. जैतूनच्या हातांना फोड आले. पण त्या फोडांपेक्षा त्या बोलण्यानेच तिची जास्त आग झाली.

मग डोंगरावर काळं आभाळ भरून आलं. जैतून नावाड्यांकडे गेली. "होड्या वर ओढा रे, पूर आला तर?"

"आलाय का? नाही ना?" नावाडी म्हणाले आणि जेवायला बसले. पूर आला, होड्या गेल्या.

आणि मग तिसरी गोष्ट झाली. अनसा नावाची एक बाई होती. तिचं तान्हं बाळ भुकेने कळवळत होतं. तिने राजाच्या गोठ्यातून वाटीभर दूध काढलं. वाटीभर, बरं का! राजाने हुकूम सोडला, हिला बाळासकट रानात हाकला.

हे कानावर आलं मात्र, जैतूनने धनुकली आपटली आणि तरातरा दरबारात गेली. अंगभर कापूस तसाच चिकटलेला.

"महाराज, अनसा तुमची मुलगी असती तर?"

"माझी मुलगी ही काय, माझ्या मांडीवर आहे," राजा म्हणाला. खरंच, चिमुकली राजकन्या मांडीवर बसली होती.

जैतूनचा संताप संताप झाला. "एक माणूस तुम्हाला हसला, म्हणून अख्ख्या गावाच्या काळजावर झाकण घातलंत? कधी नसलेल्या हरणीने तुम्हाला खऱ्या आईचं दुःख दाखवलं होतं. आता खरी आई बाळ घेऊन वेशीवर उभी आहे, तर ती दिसत नाही तुम्हाला!"

"धरा हिला!" राजा ओरडला.

शिपाई पुढे झाले. जैतून हलली नाही. तिने तिथेच गोष्ट सुरू केली. "एक होती आई. कडेवर बाळ घेऊन रानातून निघाली. पहिल्या दिवशी तिला पाणी मिळालं नाही."

"मग?" राजकन्येने विचारलं. तड्! रांजणाला चीर गेली. शिपाई जागच्या जागी थबकले.

"दुसऱ्या दिवशी सावली मिळाली नाही."

"मग?" तड्! दुसरी चीर.

"तिसऱ्या दिवशी बाळ रडायचंही थांबलं. तेवढ्यात तिला एक मोठं घर दिसलं. तिने दार ठोठावलं."

"मग? मग गं?"

खळ्ळकन रांजण फुटला. गोष्टी भर्रकन उडाल्या, खिडक्यांतून, कौलांवरून, ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. ओट्यावर बसलेला कुंभाराचा शेजारी एकदम उठला आणि जळक्या घराकडे धावत सुटला.

राजाने राजकन्येला घट्ट धरलं. त्याने विचारलं, "दार उघडलं का गं कुणी?"

"मला काय विचारता?" जैतून अजून रागातच होती. "घर तुमचं आहे. तुम्ही सांगा."

राजा उठला. जोडे घालायचंही त्याला सुचलं नाही. वेशीपर्यंत धावला, अनसाच्या पायांशी बसला आणि सगळ्यांदेखत रडला. या वेळी कुणी हसलं नाही.

मग अनसा घरी आली, बाळाला पोटभर दूध मिळालं. गावाने मिळून कुंभाराचं घर उभारलं, नव्या होड्या बांधल्या आणि सगळे सुखाने नांदले.

झाली गोष्ट. सरका जरा, त्या धाकटीला पांघरूण पुरत नाहीये. हां, आता मिटा डोळे.