धुरपदाबाईंचा डबा

“पण त्या जेवत का नाहीत, गुरुजी?”

श्रीरंगनं डबा ओट्यावर ठेवला. झाकणाची कडी जशीच्या तशी होती.

कासमगुरुजी सावरीच्या झाडाखाली डोळे मिटून बसले होते. बोंडं फुटली होती. कापूस हवेत तरंगत होता, खाली यायची त्याला घाई नव्हती.

श्रीरंग देऊळगावकर त्यांचा जुना विद्यार्थी. आता शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचा गावातला अध्यक्ष.

“आम्ही झाडं लावली, जगली. रक्तदान केलं, रांगा लागल्या. एकट्या म्हाताऱ्या माणसांना डबे पोचवतो, सगळे दुवा देतात. फक्त या धुरपदाबाई... लेक गेल्यापासून डबा जातो तसाच परत येतो. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पावसाळा बघणार नाहीत.”

“तू काय म्हणतोस त्यांना?”

“म्हणतो, आजी, तुमच्यासाठी आणलंय. खा.”

“आणि त्या?”

“म्हणतात, ठेव.”

गुरुजींनी डोळे उघडले.

...

“तुला भूक लागलीय?” त्यांनी विचारलं.

“मला? नाही. मी खाऊन निघालोय.”

“मग बस.”

श्रीरंग बसला. फोन वाजला, त्यानं बंद केला. ऊन ओट्यावर चढलं. कापसाचा एक पुंजका त्याच्या बाहीवर टेकला, थोडा थांबला, निघून गेला. कुठल्याशा घरात कुणी फोडणी दिली. सकाळ कधी सरली ते त्याला कळलंच नाही.

“गुरुजी... आता लागली.”

“जा मग. धुरपदाबाईंकडे माग.”

“त्यांच्याकडे? त्यांच्या घरात काय असणार?”

गुरुजींनी डबा उचलून आपल्या मांडीवर घेतला, आणि डोळे मिटले.

...

धुरपदाबाई बाजेवर पडून होत्या. भिंतीकडे तोंड.

श्रीरंग दारात उभा राहिला. हात मोकळे. त्या हातांचं काय करावं ते सुचेना.

“आजी... भूक लागलीय. काही आहे का खायला?”

बोलला, आणि कानापर्यंत लाल झाला. असं कुणाकडे मागितल्याला किती वर्षं झाली होती, कोण जाणे.

म्हातारी वळली. बघत राहिली.

“कुणाचा रे तू?”

इतके दिवस तो येत होता. हे तिनं पहिल्यांदा विचारलं.

“श्रीरंग. देऊळगावकरांचा.”

“उन्हाचा उपाशी फिरतोस?”

भिंत धरून ती उठली. कोपऱ्यात संघानं दिलेली पिठाची पिशवी होती, तोंडाची शिवणही उसवलेली नव्हती. तिनं ती दातांनी उसवली. चूल पेटली. भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. धुरात ती क्षणभर दिसे, क्षणभर नाहीशी होई. श्रीरंगला पेंग आल्यासारखं झालं. आपण कुठल्या घरात, कुठल्या वयात बसलोय...

पुढ्यात ताटली आली. भाकरी, जवसाची चटणी, वर तेलाची धार.

“तुम्ही?”

“तू खा.”

त्यानं घास मोडला. तो हातातच राहिला.

“एकट्याला जात नाही, आजी.”

चुलीत लाकूड फुटलं.

“मला तरी कुठं जातंय रे...” ती म्हणाली.

मग हळूच खाली बसली, ताटलीच्या पलीकडे.

...

तो परत आला तेव्हा उन्हं कलली होती. गुरुजी तिथंच होते. डबा रिकामा.

“जेवल्या,” श्रीरंग म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. “अर्धी भाकरी. मग अजून चतकोर. उद्या ये म्हणाल्या, आमटी करते.”

गुरुजींनी मान हलवली.

“पण गुरुजी, रविवारी बैठक आहे. तिथं काय सांगू? त्यांनी रांधलं, मी जेवलो. यात सेवा कुणी केली?”

...

श्रीरंग उठून रांजणापाशी गेला. बोटांना अजून जवसाचा, धुराचा वास होता. त्यानं तांब्या बुडवला.

“राहू दे, श्रीरंग,” गुरुजी म्हणाले. “एवढ्यात हात धुऊ नकोस.”