पाटकऱ्याची पाळी

"…मग कौल कोणत्या महिन्यात घ्यावा, बाबा? सुगीआधी की सुगीनंतर?"

पुंजूबाबा भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मूठभर शेंगा पाहुण्यापुढे सरकवल्या.

"आधी खा."

पाहुणा साधासुधा नव्हता. संस्थानचे मुख्य न्यायाधीश वामोरीकर, पगडीसकट, बंधाऱ्यावरच्या एका दगडावर बसले होते. संस्थानची नवी घटना तयार झाली होती. तिच्यात एक कलम घालायचं की नाही, यावर साऱ्या प्रजेचं मत घ्यायचं ठरलं होतं. पेट्या, चिठ्ठ्या, दवंडी, सगळी आखणी साहेबांनी स्वतः केली होती. आता फक्त बाबांचा होकार हवा होता, कारण या खोऱ्यात लोक राजापेक्षा बाबांचं जास्त ऐकत.

"कलम काय म्हणतं?"

"न्यायाधीशावर कुठल्याही कोर्टात दावा चालणार नाही."

"कुठल्याही?"

"कुठल्याही. हरलेला प्रत्येक जण उद्या आम्हालाच खेचू लागला, तर निर्भयपणे न्याय कोण देईल?"

"खरं आहे," बाबा म्हणाले.

साहेब खूश झाले. गेल्या महिन्यात त्यांच्या घोडागाडीने द्रौपदा कुंभारणीची नुकतीच भाजलेली मडकी तुडवली होती, आणि साहेब न थांबता पुढे गेले होते. तिने दावा लावला होता. ही गोष्ट साहेबांनी काढली नाही. बाबांनीही काढली नाही. सगळ्या खोऱ्याला मात्र ती ठाऊक होती.

खाली पाटावर उखा पाटकरी पाणी वळवत होता. कुणाच्या शेताला कधी पाणी, हे गावाने त्याच्यावर सोपवलेलं. एक शेतकरी त्याच्यावर ओरडत होता, "मला आधी सोड." उखाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फावड्याने बांध फोडून त्याने पाणी दुसऱ्याच्याच शेतात सोडलं. ओरडणारा पाय आपटत निघून गेला.

"बघा," साहेब म्हणाले, "याला कुणी हात लावतं का? हेच माझं कलम."

"पाणी कुणाला सोडलं, याचा जाब त्याला कुणी विचारत नाही. तसा गावाचा नेमच आहे."

बाबांनी हातातलं टरफल खालच्या वाफ्याकडे फेकलं. पाटाला लागूनच मिरची होती. झाडांनी माना टाकल्या होत्या.

"ही कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"उखाची."

"पाणी तर हातभर अंतरावरून वाहतंय."

"त्याची पाळी परवा."

"पण फावडं त्याच्याच हातात आहे…"

"म्हणून तर परवा."

साहेब हसले. "एवढा सरळ माणूस. त्याने गावाला विचारलं असतं, तर गाव नाही म्हणालं नसतं."

"विचारलं होतं ना. याच्या आधीच्या पाटकऱ्याने. म्हणाला, मी पाटकरी, मला पाळीचं बंधन नको. चावडीवर सगळ्यांना बोलावलं."

"मग?"

"सगळ्यांनी हात वर केले. एकही खाली राहिला नाही."

"झालं तर."

"दुसऱ्या दिवशी सगळे आपापलं फावडं घेऊन पाटावर आले, आपलं पाणी आपणच वळवायला."

…

साहेबांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"त्या पाटकऱ्याचं पुढे काय झालं?"

"तुम्हाला शेंगा खाऊ घालतोय."

बाबा पोटभर हसले. जुनी चूक पचली की माणसाला असं हसता येतं. साहेबांना लाज वाटली. पण त्या हसण्यात टोमणा नव्हता, त्यामुळे ती सोसवली. त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. वारा बरा वाटला.

शेंगा संपत आल्या.

"बाबा… मग कौल कधी घेऊ?"

बाबांनी धोतरावरची टरफलं झटकली.

"द्रौपदाच्या दाव्याची तारीख होऊन जाऊ द्या, साहेब. कोर्टात तिच्यासमोर उभे राहा. मग हवा तेव्हा घ्या. लोक फावडी घरी ठेवून येतील."