मागच्या पाट्याचा खडखडाट

“मग आवाज येतो तरी कुठून?” आक्कांनी विचारलं.

शर्वरी जीपच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसली होती. हात कोपरापर्यंत काळे झालेले. वर न बघताच तिने सांगितलं, की मागून येतो, डावीकडून. आणि कृपा करून तो माझ्या मनातून येतो असलं काही सांगू नका.

“नाही गं. गाडीतूनच येतो. मलाही ऐकू येतो.”

शर्वरीचा राग निम्मा ओसरला, आणि रिकाम्या झालेल्या जागेत भीती येऊन बसली.

घाटमाथ्यावरचा तो लहानसा मठ आक्का चालवायच्या. शर्वरी ऑटोमोबाइलची पदवी घेऊन, धरलेली नोकरी सोडून त्यांच्याकडे आली होती. शिकायचं होतं ध्यान. वाट्याला आली मठाची म्हातारी जीप. वडीलधाऱ्यांना सरळ प्रश्न विचारला की ते आधी डोळे मिटतात आणि मग भलतंच काहीतरी बोलतात, असं तिचं ठाम मत होतं. ते ती आक्कांच्या तोंडावर बोलूनही दाखवायची. आक्का हसायच्या, आणि तिचा आणखी जळफळाट व्हायचा.

जीपचा मागचा सगळा भार स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांवर होता. पाटा गाडीला जिथे जोडतात तिथे बोल्टभोवती रबरी बुश असतो. तो फाटला की लोखंड लोखंडावर आपटतं. शर्वरीने शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून पाहिले होते. बुश बदलला होता, पुन्हा बदलला होता. थोडे दिवस सगळं शांत. मग एखाद्या वळणावर पाठीमागून... खड. आणि तिथून खडखड, खडखड, पार घाट उतरेपर्यंत.

परवा मात्र नुसत्या आवाजावर भागलं नाही. दरीकडच्या वळणावर जीपचं मागचं अंग एकाएकी बाजूला सरकलं, कुणी ढकलल्यासारखं. शर्वरी एकटीच होती. तिने गाडी सावरली, पुढे नेऊन उभी केली. पण स्टिअरिंगवरची तिची बोटं काही केल्या सुटेनात.

आणि उद्या सकाळी वाडीतल्या सुगंधाला खाली इस्पितळात न्यायचं होतं. दिवस भरत आलेले, बाळ आडवं. रुग्णवाहिकेला फोन करून झाला होता. ती घाट चढून वेळेवर येईल असं कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं. सुगंधाला धरून आक्का स्वतः मागे बसणार होत्या.

“आक्का, तुम्ही एकदा म्हणा ना, काही होणार नाही म्हणून.”

“मला गाडीतलं काय कळतं?”

मग त्यांनी विचारलं, की ते रबर मुळात फाटतं कशाने.

समजावून सांगायला मिळालं की शर्वरीचा सूर चढायचा, तसा तो आताही चढला. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली टेकली, पाटे दबले, की ते पिळलं जातं आणि पिळलेलंच राहतं. प्रत्येक खड्ड्याला आणखी पीळ बसतो, शेवटी फाटतं. साधी गोष्ट आहे, ती म्हणाली. म्हणून तर बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, सगळा भार वर...

ती थांबली.

...

जीप तिच्यासमोर स्टँडवर चढवलेली होती. चाक काढून बाजूला टेकवलेलं. ती दर वेळी असंच करायची. चाकाच्या रिकाम्या जागेतून हात आत घालून बोल्ट आवळायची; बाकीचं अंग बाहेर. चाकं जागेवर असताना गाडीखाली उतरून काम करता यावं म्हणून मठामागे खड्डा खणलेला होता. त्यात पाला साचलाय, बेडूक आहेत, असं ती सांगत आली होती.

“तुझं डोकं कधी गाडीखाली गेलेलं मी पाहिलं नाही,” आक्का म्हणाल्या.

शर्वरीच्या हातातला पाना खाली आला. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एकदा जॅक सरकला होता आणि गाडी तिच्या छातीपासून वीतभरावर येऊन अडली होती, हे तिने घरीसुद्धा सांगितलेलं नव्हतं. आताही सांगितलं नाही.

“तुम्हाला बोलायला काय जातं,” ती म्हणाली.

“काही नाही जात.”

मग शर्वरीने नवा बुश बसवला, बोल्ट हातानेच सैल फिरवून ठेवला, चाक लावलं. जीप हळूहळू नेऊन खड्ड्यावर उभी केली. चारी चाकांना दगड लावले, लावलेले पुन्हा ढकलून पाहिले. आणि ती खाली उतरली.

वर जीपचं काळं पोट होतं. उजेड कडेकडेने, चिरीएवढा.

मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. आक्का चांगल्याच अंगाने भरलेल्या होत्या. त्या आत बसल्या तसे पाटे करकरले, सगळी जीप खाली आली, आणि बोल्ट शर्वरीच्या कपाळाशी येऊन थांबला.

“आक्का, उतरा. गाडीचं स्वतःचं वजन पुरे आहे.”

“उद्या मी बसणारच आहे ना?”

पाना बोल्टवर बसेना. लोखंडाला लोखंड लागून बारीक खडखड होत होती. खड्ड्याच्या काठाची माती घरंगळून तिच्या मानेवर आली. वर काहीतरी पुन्हा करकरलं...

“आक्का... तुम्हाला भीती नाही वाटत?”





“वाटते की, उद्याच्या घाटाची. म्हणून तर उतरत नाही.”